नवसीच्या नावावरचा समुद्र

४ ऑगस्ट, सोमवार

यंदा पेट्या जाणार नाहीत. आमच्या प्राचार्य हेमांगी मॅडमनी आज सभेत तसे सांगितले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना आपण हात मांडीवर ठेवून बसणे बरे दिसत नाही.

पेट्या म्हणजे आमच्या अध्यापक विद्यालयाच्या ग्रंथालयातल्या हिरव्या पत्र्याच्या ट्रंका. आमची मुले-मुली आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाला बाहेर पडली, की त्या त्या शाळेत एक ट्रंक जायची. आत संदर्भाची पुस्तके, नकाशे, चित्रतक्ते, एक पृथ्वीगोल. चंद्रभान शिपाई आणि मी टेम्पोतून पोचवून यायचो. सातपाटीच्या ट्रंकेला परत येताना सुक्या बोंबलाचा वास यायचा. तो जानेवारीपर्यंत टिके.

आता सगळे पोर्टलवर. मॅडमनी पुण्याच्या एका कंपनीकडून तयार पाठ विकत घेतले आहेत. ते चढवायचे, मुलांना क्रमांक द्यायचे आणि कोणी किती वेळा काय उघडले ते बघायचे, हे काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे आले आहे. ऑक्टोबरात मान्यतेची समिती येणार, तिला वापराचे आकडे दाखवायचे आहेत. "सावे सर, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. इतक्या वर्षांत असे कोणी म्हटले नव्हते. मला भरून आले.

घरी हिला सांगितले. ही म्हणाली, "आणि ज्याच्याकडं रेंज नाय, त्यानं काय करायचं?"

मॅडमनी त्याचा विचार केलाच असेल.

१६ ऑगस्ट, शनिवार

पाठ चढवून झाले. एकेक उघडून वाचायला वेळ नव्हता, पण मुखपृष्ठे सुबक आहेत. पाचवीचा 'समुद्र' हा पाठ सर्वात रंगीत आहे. तो मी पहिल्या पानावर, सगळ्यांत वर ठेवला.

संध्याकाळी कुलूप लावताना नवसी दुमाडा आली. दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका, लग्न झालेली, मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरून येते. तिला सोमवारपासून तिकडचीच शाळा मिळाली आहे.

"सर, पेटी कदी येल आमच्या शाळंत?"

"पेटी नाही, नवसी. यंदा ऑनलाइन. नाव टाकायचं, हजेरी क्रमांक टाकायचा, की उघडलं."

"तिथं रेंज नाय, सर. शाळा खड्ड्यात हाय, दोन डोंगरांच्या मधी."

"मग संध्याकाळी घरी गेल्यावर उघडायचं."

"घर त्याच्याबी पुढं हाय."

तिने निदान जिल्ह्याचा नकाशा तरी मागितला. मी दिला असता, पण समितीसाठी कपाटांना पॉलिश चालू आहे आणि ते वाळून समिती पाहून जाईपर्यंत काही बाहेर काढायचे नाही, अशी सूचना आहे. मी तिला पोर्टल कसे उघडावे याची माहिती छापून दिली. चार पाने, मोठ्या अक्षरात. तिने ती उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता गेली.

लाजाळू मुलगी आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

सातपाटीला जाऊन आलो. पोर्टलचा प्रत्यक्ष वापर पाहून या, असे मॅडमनी सांगितले होते. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाठ पाहायचा मान मला पहिल्यांदाच मिळाला. मला स्वतःला शिक्षक व्हायचे होते. ते राहिले, आणि मी पुस्तकांकडे आलो. देवाने जे दिले ते गोडच मानले. तरी बाकावर मी ताठ बसलो.

पाठ कमलेश मेहेरचा होता. कमलेश सातपाटीचाच, वडिलांची बोट आहे. इयत्ता पाचवी, पाठ 'समुद्र'.

आमच्या पद्धतीत शिक्षक विषय आपण होऊन सांगत नाही. आधी प्रस्तावनेचे प्रश्न विचारतो, मुलांच्या तोंडून विषय काढून घेतो आणि मग म्हणतो, "तर मुलांनो, आज आपण याचा अभ्यास करणार आहोत." कमलेशने पोर्टलवरचे टाचण हातात धरले होते. पहिला प्रश्न त्याने खणखणीत आवाजात विचारला.

"मुलांनो, तुमच्यापैकी कोणी समुद्र पाहिला आहे का?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. खिडकीतून समुद्र दिसत होता. मग एक पोरगा उठला. "कमलेशदादा, परवा तर आपुन एकाच बोटीवर व्हतो!"

सगळे हसले. एकजण म्हणाला, "दादा, तूच पाण्यात पडलास!"

"दादा नाही, सर म्हणायचं," कमलेश म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "प्रश्न पुन्हा ऐका. कोणी समुद्र पाहिला आहे का?"

सगळे हात वर. कमलेशने टाचणात पाहिले. तिथे अपेक्षित उत्तर असे छापले आहे: 'काहींनी पाहिला आहे, काहींनी नाही.' त्याने पहिल्या बाकावरच्या मुलीला हळूच सांगितले, "तू नाही म्हण." ती उभी राहिली आणि समुद्राकडे पाठ करून अगदी गोड आवाजात म्हणाली, "नाय पायला, सर."

"शाब्बास! तर आज आपण समुद्राचा अभ्यास करणार आहोत."

पुढचा पाठ व्यवस्थित झाला. समुद्राचे पाणी खारट असते, हेही मुलांनी बरोबर सांगितले. मी अहवालात लिहिले: पाठ पोर्टलनुसार झाला. मुले थोडी अतिउत्साही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बोईसरला गेलो होतो. बोईसरचा गट पोर्टल सर्वांत जास्त वापरतो. स्टेशनजवळ मेहुलचे झेरॉक्सचे दुकान आहे. तिथे गेलो तर काउंटरवर आमचेच पाठ, स्पायरल बांधून ओळीने लावलेले! मला फार कौतुक वाटले.

"या नी, सावे सर, बसा," मेहुल त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "तुमचा पोर्टल एकदम मस्त. तुमचे पोरगे सकाळी नंबर देऊन जातात, मी उघडते, छापते, संध्याकाळी घेऊन जातात. त्यांना टाइम कुठे?"

म्हणजे पोर्टलची गोडी दुकानदारालासुद्धा लागली आहे. 'समुद्र' सगळ्यांत जास्त जातो म्हणाला. मी सांगितले, तो मीच सर्वांत वर ठेवला आहे. त्याने मला थंडा पाजला.

१५ सप्टेंबर, सोमवार

नवी सूचना लागली. आंतरवासितेच्या पहिल्या टप्प्यात पोर्टलच्या वापराला गुण आहेत. ज्याचा वापर शून्य, त्याचा टप्पा अपूर्ण. टप्पा अपूर्ण, तर वर्ष गेले.

बोईसरचे आकडे भरघोस, सातपाटीचे चांगले. मासवणकडच्या चौघांचे शून्य.

नवसी दुपारी आली. सूचनेपुढे बराच वेळ उभी होती. मग माझ्या टेबलाशी आली.

"सर, शून्य म्हंजे नापास?"

"नापास नाही. अपूर्ण."

"त्यानं काय फरक पडतो?"

मी सूचनेची प्रत पुन्हा वाचून पाहिली. ती स्वतःहून बोलू लागली. दिवाळीनंतर घरचे सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. गेल्या वर्षी तीही सुट्टीत गेली होती. यंदा सासूने सांगितले, तिला शिकू द्या, कागद हातात येऊ द्या, पण एकच वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा तेच शिकते म्हणाली, तर नवरा अंकुश काही बोलणार नाही, पण सासू तिचे बिऱ्हाड बांधून टेम्पोत टाकील.

"सासू वाईट नाय," ती म्हणाली. "तिनं मला एक वरीस दिलंय. तिच्याकडं दोन नाय."

मी म्हणालो, "देव मार्ग काढील."

"बगते मी काय ते," ती म्हणाली आणि निघाली. तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा कठोरपणा होता. निराशेने माणूस असा होतो. मला फार वाईट वाटले.

१७ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्षातली एकादशी. उपास.

सकाळी देवापुढे बसलो तरी मनात नवसी. या मुलीसाठी मी काय केले? चार पाने छापून दिली. दुपारी ग्रंथालयात कोणी नव्हते. संगणक उघडला. तिचे नाव टाकले, हजेरी क्रमांक टाकला. उघडले. तिने आत एकदाही पाऊल टाकले नव्हते. सगळे कोरे होते.

पहिल्या पानावर 'समुद्र' होता. उघडला, मिटला. एक झाले. पुन्हा उघडला, मिटला. गुणांसाठी दहा पुरे होते. पण हाताला माळेची सवय. एकदा मणी सरकू लागले की मध्ये थांबता येत नाही. मेरुमणी आल्याचे मनाला कळले तेव्हा हात थांबला. बाजूला आकडा दिसत होता: एकशेआठ.

मी आयुष्यात कोणाच्या नावाने काही खोटे केलेले नाही. पुस्तक उशिरा आले तर स्वतःच्या मुलीकडूनही दंड घेतला आहे. घरी येऊन हात धुतले, साबुदाणा खाल्ला. उपास मोडला नाही. पाप मात्र ताजे आहे.

तरी नवसीचे वर्ष वाचले. हा तिच्यासाठी केलेला जप समजावा, असे देवाला सांगितले. त्याने काही उत्तर दिले नाही. तो नेहमीच देत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घोटाळा झाला. इतरांचे आकडे वीस-पंचवीसच्या आत आहेत.

मॅडमनी मला बोलावून पेढा दिला. "पाहिलंत? सगळ्यांत जास्त वापर कोणाचा? नवसी दुमाडा! डोंगरातली मुलगी. बोईसरच्या मुलांच्या चौपट! यासाठीच मी हे पोर्टल आणलं." फाटकावर फ्लेक्स लावायला दिला आहे: 'दुर्गम भागातून सर्वाधिक ऑनलाइन वाचन.' नवसीचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केला आहे, त्यामुळे थोडी घाबरलेली दिसते.

पेढा तोंडात टाकला. पाणी पिऊन उतरवला.

हिला सगळे सांगितले. ही विळीवर कोलंबी सोलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवाला एकशेआठ लागतात. मॅडमला दहा पुरली असती."

२७ सप्टेंबर, शनिवार

लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

नवसीने काल अर्ज दिला होता. म्हणजे 'बगते मी काय ते' म्हणाली होती, ते हे. ती निराश नव्हतीच. मासवणकडच्या चौघांच्या सह्या, सर्वांत वर तिची. आमच्या शाळांत रेंज नाही, पोर्टल उघडत नाही, आमचा वापर शून्य आहे, म्हणून वापराचे गुण आम्हांला लावू नयेत आणि पुस्तके, नकाशे पूर्वीसारखे पाठवावेत. शाळेच्या मुख्याध्यापकांचा शिक्का. गावच्या सरपंचाचाही.

आज मॅडमनी तिला बोलावले. मलाही. आकडे घेऊन या म्हणाल्या.

"रेंज नाही म्हणतेस?" मॅडमनी विचारले.

"नाय, मॅडम."

"पोर्टल एकदाही उघडलं नाहीस?"

"एकदाबी नाय."

मॅडमनी माझ्या हातातला कागद तिच्यापुढे सरकवला. नवसीने तो वाचला. पुन्हा वाचला.

"हे मी नाय केलेलं."

"मग कोणी केलं? समुद्रानं?"

मॅडमच पुढे म्हणाल्या, विद्यालयाला बदनाम करण्यासाठी खोटा अर्ज केलास, बाकीच्या तिघांना फूस लावलीस. समितीच्या आधी लेखी माफी दे आणि अर्ज मागे घे. नाहीतर गैरवर्तनाखाली टप्पा अपूर्ण धरीन.

"मी खोटं नाय लिवलं," नवसी म्हणाली. "माफी कशाची मागू?"

मी तिथेच उभा होतो. कागद मीच आणला होता. तोंड उघडले आणि फक्त खोकलो. मॅडमनी मला पाणी विचारले.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज मॅडमना सांगितले. सकाळी देवळात जाऊन आलो आणि थेट त्यांच्या खोलीत गेलो, वाटेत विचार बदलू नये म्हणून.

"मॅडम, ते एकशेआठ मी केले. नवसीला काही माहीत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. मी नोकरीवर पाणी सोडून उभा होतो. त्यांनी काचा पुसल्या. मग म्हणाल्या, "किती वेळ लागला?"

"एक दुपार."

"एका दुपारी एकशेआठ." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "समितीला अजून आठवडा आहे."

मला आधी कळलेच नाही.

"त्या तिघांचेही शून्य आहेत ना?" त्या म्हणाल्या. "त्यांचेही करून टाका. शंभरच्या वर नको, संशय येतो. चाळीस-पन्नास."

"मॅडम, पण हे खोटं..."

"सावे सर, तुम्ही नवसीसाठी चांगल्या हेतूनं केलंत. तो हेतू सगळ्यांना सारखा लागू नको का व्हायला? एकीलाच मदत, हा अन्याय नाही?"

त्यांचे बोलणे मला पटले. म्हणजे खोलीच्या बाहेर येईपर्यंत पटले होते.

नवसीचे विचारले, तर म्हणाल्या, तिला सांगा, अर्ज मागे घे, माफीचं मी सोडून देते. तुमचं ऐकेल ती.

संगणकापुढे बसलो. बसून राहिलो. मॅडम डोकावल्या तेव्हा सर्व्हर मंद आहे असे सांगितले. तेही खोटे. एका खोट्यासाठी आणखी किती खोटी कामाला लावावी लागतात!

३० सप्टेंबर, मंगळवार

रजा टाकून नवसीच्या शाळेत गेलो. मासवणपर्यंत शेअर रिक्षा, पुढे चालत. सूर्या नदीच्या काठाने वाट आहे. सवयीने दर वळणावर मोबाइल काढून पाहिला. सकाळी नसलेली रेंज दुपारी येते, असा माझा समज होता. दुपारीही नव्हती.

नवसी दुसरी-तिसरीला एकत्र शिकवत होती. मुलांना बाहेर नेऊन ओल्या मातीत काठीने तालुक्याचा नकाशा काढत होती. रेल्वेचा रूळ म्हणून एक सरळ रेघ ओढली होती. मला पाहून तिने मुलांना वाणगाव स्टेशन शोधायला लावले आणि पडवीत आली.

मी उभ्यानेच सांगून टाकले. आधी तिला बहुधा खरेच वाटले नाही.

"तुमी?"

"तुझ्या भल्यासाठी, नवसी. शून्यावर वर्ष गेलं असतं."

"एकशेआठ येळा?"

"हात थांबला नाही."

ती हसेल असे मला का कोण जाणे वाटले होते. हसली नाही.

"शून्य खरं व्हतं, सर," ती म्हणाली. "मी शून्य घिऊन भांडत व्हते. मुख्याध्यापकांच्या मागं दोन दिस फिरले शिक्क्यासाठी. सरपंच आधी नाय म्हणत व्हता. त्या तिघांना म्या सांगितलं, भिऊ नका, आपलं खरं हाय. आता ती पोरं मला इचारतात, नवसीताई, तू चोरून उगडत व्हतीस काय?"

मी मॅडमचा निरोप सांगितला. अर्ज मागे घेतलास तर माफी नको.

"मागं कसा घिऊ? खोटा हाय काय?"

"खोटा नाही."

"मग?"

अंगणात पोरे भांडत होती. एकाने वाणगाव मनोरच्या पुढे नेऊन ठेवले होते. ती त्यांच्याकडे गेली. मी थोडा वेळ थांबलो, मग चालू लागलो. ती लाजाळू नाही. हे मला सहा आठवड्यांपूर्वी कळायला हवे होते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज समिती आली. त्या तिघांचे शून्य तसेच होते, मॅडमना मी सर्व्हर मंद आहे असेच सांगत राहिलो होतो. जे घडले ते क्रमाने लिहितो.

अध्यक्ष साठीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. सोबत दोघे. ग्रंथालयात आले, चकचकीत कपाटे पाहून खूश झाले. मॅडम बाजूला होत्या. अध्यक्षांनी मला विचारले, "काय ग्रंथपाल, मुलं खरंच वापरतात का हो हे पोर्टल?"

मी म्हणालो, "नाही साहेब. मीच वापरतो."

अध्यक्ष खळखळून हसले. मॅडम त्यांच्याहून मोठ्याने हसल्या. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "स्वतः वापरतो म्हणणारा ग्रंथपाल पहिल्यांदा भेटला!" आणि वहीत काहीतरी लिहून घेतले. माझी स्तुती असावी.

खरे बोललो आणि त्याचेही असे झाले.

जेवणाआधी एका शाळेला भेट ठरली होती. बोईसरची. तिथे आमच्या विद्यालयाचे निमेश सर गुच्छ घेऊन थांबले होते, पाठ 'समुद्र'. मॅडमना जेवणाची व्यवस्था पाहायची होती. समितीचा ड्रायव्हर ठाण्याचा, वाटा माहीत नसलेला. म्हणून त्याला रस्ता दाखवायला मला पुढे बसवले.

बोईसरचा फाटा आला. ड्रायव्हरने विचारले, "इकडेच ना, काका?"

मी म्हणालो, "नाही. मनोरच्या रस्त्याला घ्या."

माझ्या तोंडून हे निघाले याचे ड्रायव्हरपेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटले. गाडी मासवणकडे वळली. मागे साहेब लोक आंब्याच्या कलमांविषयी बोलत होते. मॅडमचा फोन आला. घेतला नाही. पुन्हा आला. मग उजव्या अंगाला सूर्या दिसू लागली आणि फोन आपोआप गप्प झाला.

शेवटी चालावे लागले. साहेबांच्या बुटांना चिखल लागला. नवसी आम्हांला पाहून उभी राहिली, मुलेही. अध्यक्षांनी नाव विचारले आणि उजळले. "अरे, फ्लेक्सवरची! बाई, जरा पोर्टल उघडून दाखव."

"इथं उगडत नाय, सर."

"बरं, माझ्या मोबाइलवर बघू." तिघांनीही मोबाइल काढले, वर धरले, खाली धरले.

"भाईर चिंचेखाली कदी कदी एक काडी येते," नवसी म्हणाली.

तिघे चिंचेखाली गेले. पोरे त्यांच्याभोवती जमली आणि हात वर करून दाखवू लागली, "अजून वर, काका! अजून!" काडी आली नाही. अध्यक्ष परत आले. आता मऊपणा कमी झाला होता.

"मग हे एकशेआठ वेळा तू कसं उघडलंस?"

नवसीने माझ्याकडे पाहिले. ती सांगू शकली असती. सांगितले नाही. थांबली.

"ते मी, साहेब," मी म्हणालो. "ग्रंथालयातून. तिला न विचारता. तिनं तर शून्य असल्याचा अर्ज दिला आहे."

"म्हणजे मघाशी तुम्ही म्हणालात तो विनोद नव्हता?"

"नाही."

"मी हसलो."

"हो, साहेब."

अध्यक्ष ओट्यावर बसले. नवसीला म्हणाले, अर्जात काय आहे ते तोंडी सांग. तिने सांगितले. न अडखळता, रेंजपासून नकाशापर्यंत. एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या शेजारी उभी होती. साहेबांना द्यायचा की बाईंना, हे तिला ठरवता येत नव्हते. शेवटी तिने बाईंना दिला.

परतीच्या गाडीत साहेब लोक बुटांचा चिखल पुसत होते. रेंज आल्याबरोबर माझा फोन एकसारखा वाजत राहिला.

८ ऑक्टोबर, बुधवार

कारणे दाखवा असे ज्ञापन मिळाले. विद्यार्थिनीच्या नावाने अनधिकृत वापर, समितीची दिशाभूल, रजेचा गैरवापर, गाडी अन्य मार्गाने नेणे. तीन दिवसांत खुलासा द्यावा.

आरोप सगळे खरे आहेत. समितीची दिशाभूल तेवढी मी एकट्याने केली नाही, पण तेही लिहिले नाही. खुलासा एका शब्दात दिला: होय. चंद्रभान पोचवून आला आणि म्हणाला, "मॅडम इचारत होत्या, बाकीचं पान कुठं हाय."

ही म्हणाली, "बरं केलंत. आता जेवा."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

समितीचा कागद आला. पोर्टल उत्तम आहे, असे पहिल्याच परिच्छेदात आहे. तिसऱ्यात आहे की, मासवणकडच्या शाळांना वापराचे गुण लावू नयेत आणि चारही छात्राध्यापकांचा टप्पा पूर्ण धरावा. चौथ्यात आहे की, ग्रंथपालाच्या वर्तनाची चौकशी व्हावी. मला तिन्ही परिच्छेद योग्य वाटले. पहिला थोडा कमी.

चौकशी होईपर्यंत पोर्टलचे काम माझ्याकडून काढून निमेश सरांना दिले आहे. पुढे नोकरीचे काय होईल, देव जाणे. फाटकावरचा फ्लेक्स तसाच आहे. त्याचे वर्षभराचे पैसे भरले आहेत म्हणे, काढता येत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नवसी आली. टप्पा पूर्ण झाल्याचा कागद पुढे करायचा तर त्यावर ग्रंथपालाचीही सही लागते, की या विद्यार्थिनीकडे कोणतेही पुस्तक बाकी नाही. एकही दिले नव्हते, तेव्हा सही सोपी होती. सही करून कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा घडी घालून पिशवीत ठेवला, वरून हात फिरवला.

"सासूला काय सांगशील?" मी विचारले.

"काय सांगू? कागद दाखवीन. तिला वाचता येत नाय, पण शिक्का कळतो."

मी पेन खिशाला लावले.

"माझ्यावर राग आहे का, नवसी?"

"व्हय," ती म्हणाली. लगेच. मग जरा थांबून म्हणाली, "तुमी त्या दिशी फाट्यावर गाडी वळवलीत, ते बरं केलंत. पण सर, पुढं कदी कोणाला मदत करायची झाली, तर आदी त्याला इचारा."

मी मान डोलावली. जन्मभर मी मागितल्याशिवाय कोणाला पुस्तक दिले नाही. हे मनात आले, पण बोललो नाही. तिला ते ऐकवण्यात काही अर्थ नव्हता.

"आता काही करू का तुझ्यासाठी?" मी विचारले.

तिने खरोखर विचार केला. "नको," म्हणाली. "आता काय नको."

मासवणच्या रिक्षेला अजून वेळ होता. ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. मी उठून कपाटाकडे गेलो, परत आलो. चहा आणावा असे वाटले. निघालोही. दारापर्यंत गेलो आणि थबकलो.

"चहा आणू का?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदा थोडी हसली.

"चालंल," ती म्हणाली. "साखर कमी."